दोन्ही बाजूंनी किल्ली

(कुलपांच्या दुकानामागची खोली. दार बंद. भाऊ आत, थोरली बहीण बाहेर. आत हातोडा चाललाय.)

भाऊ : दार उघड, ताई! नाहीतर हेच दार तुझ्या डोक्यात घालीन!

ताई : घाल. आधी चौकटीतून निघू तरी दे. तूच बसवलंयस ते, इतकं सोपं नाही निघायचं.

भाऊ : माझा मोबाईल दे!

ताई : बादलीत आहे. पोहतोय.

भाऊ : बुडवलास? अगं, ऑर्डर अर्धवट राहिली माझी!

ताई : राहू दे. मासे ठेवायच्या काचेच्या पेट्या सहा-सहा आणून ठेवल्यास, घरात औषधाला मासा नाही! आणि आज काय, तर बाबांचं किल्ल्या बनवायचं मशीन उचलून विकायला निघालास. आडवी आले तर किल्ल्यांचा जुडगा तोंडावर हाणलास माझ्या!

भाऊ : आडवी का आलीस? नवीन मशीन घेणार होतो! तीन घेणार होतो! चार दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या, तरी बघ, थकलोय का? डोकं नुसतं पळतंय!

ताई : तेच बघून तुला आत ढकललं आणि किल्ली फिरवली. मागच्या खेपेलाही असंच पळत होतं. तेव्हा सायकली घेतल्या होत्यास. नंतर तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडलास. घास भरवत होते मी तुला, आठवतंय?

भाऊ : ही घे! ऐकलंस?

ताई : पेटी फोडलीस?

भाऊ : पहिली! तू उघडेपर्यंत एकेक फोडणार. आणि त्यातलीच काच घेऊन बाहेर येणार!

ताई : ये. पण हात सांभाळ, मेल्या. त्या हातांवर दोघं जेवतो आपण.

भाऊ : हात! आता आठवले हात! गोळ्यांनी त्यांची वाट लागली तेव्हा कुठे होतीस?

ताई : गोळ्या... सोडल्यास तू? खरं सांग.

भाऊ : सोडल्या! महिना झाला! थरथरायचे हात. एका म्हातारीच्या घराचं कुलूप उघडायला गेलो, तर तार कुलपात जाईना. माझी तार! ती उन्हात उभी आणि मी घाम पुसतोय. शेवटी म्हणते कशी, बस बाळ, पाणी पी. कीव केली तिनं माझी! त्यापेक्षा मेलो असतो तर बरं.

ताई : मला सांगायचंस रे. डॉक्टरीणबाईंनी दुसरी गोळी दिली असती, कमी केली असती...

भाऊ : ही दुसरी!

गाडीवाला : आहे का कोणी? दुकानात हाका मारून दमलो. कुलूपवाल्या मास्तरांच्या नावानं काचेच्या पेट्या आहेत, आणखी सहा नग. अहो, तुमच्या ओठातून रक्त येतंय!

ताई : माहीत आहे. माल परत न्या.

भाऊ : उतरव रे सगळं! मालक मी आहे!

ताई : एक जरी उतरवलीत तर तुमच्याच पायावर आपटीन.

गाडीवाला : बाई, पोलिसांना बोलवू का?

ताई : नको. माझा धाकटा भाऊ आहे तो. आजार आहे त्याला, दादा. लाट आली की दिसेल ते घेत सुटतो, अडवलं की अंगावर येतो. एरवी उंबऱ्यातली मुंगीसुद्धा ओलांडून जाईल.

गाडीवाला : मास्तर? ते आहेत आत? अहो, माझ्या गाडीत किल्ली राहिली होती तेव्हा माझा चहा निवायच्या आत दार उघडलं होतं त्यांनी! मग हे कुलूप बाहेरून घातलंय का?

ताई : नाही, दाराच्या अंगातलंच आहे. दोन्ही बाजूंनी किल्ली लागते. त्यानंच बसवलंय. त्याच्या तारा, हत्यारं, सगळं आतच आहे.

गाडीवाला : मग दार कशाला फोडतायत? दोन मिनिटांचं काम त्यांना.

भाऊ : ए, निघ तू! निघ म्हणतो ना, नाहीतर तुझी गाडी जाळीन! ही तिसरी! ही चौथी!

ताई : जा तुम्ही, दादा.

गाडीवाला : जातो. पण ताई, दारापासून लांब बसा.

ताई : ...बंड्या? गप्प का झालास? ओरड की. शिव्या दे. कापलं का?

भाऊ : थोडं.

ताई : कुठला हात?

भाऊ : उजवा.

ताई : फडकं घट्ट गुंडाळ. गुंडाळलंस? आता ऐक. तो माणूस बोलला आणि माझा जीव एकदम भांड्यात पडला बघ. कुलूप तुझं, तारा तुझ्याजवळ. मनात आणलं असतंस तर केव्हाच बाहेर येऊन माझा गळा धरला असतास. नाही आलास. म्हणजे तुझं तुलाच बाहेर यायचं नव्हतं. माझा बंड्या आहे अजून आत, शुद्धीवर आहे. जा, ओठाचं माफ केलं तुला.

भाऊ : ताई.

ताई : रडू नकोस रे.

भाऊ : सकाळपासून कुलूपच उघडतोय मी.

ताई : काय?

भाऊ : तार एका जागी राहत नाही. हात ठरतच नाही. चार तारा मोडल्या, तेव्हा हातोडा घेतला.

ताई : पण आता तर गोळ्या नाहीत...

भाऊ : नाहीत ना. तरी थरथरतायत.

ताई : उघडू का दार?

भाऊ : नको! उघडलंस तर मारीन तुला. अजून तसंच वाटतंय. खोटं कशाला बोलू?

ताई : मग काय करू, सांग.

भाऊ : डॉक्टरीणबाईंना इथेच बोलव. आणि त्या सांगतील ती गोळी दाराखालच्या फटीतून सरकव.

ताई : थांब, फोन लावते... बंड्या, येतायत त्या, निघाल्यात. तोवर तुझ्या उरलेल्या गोळ्यांतली एक घे म्हणाल्या, ती सरकवते. आणि पाणी?

भाऊ : तशीच गिळतो.

ताई : मिळाली का?

भाऊ : मिळाली. आता दारापासून लांब बस, ताई.