साध्या व्होडकेतला ओवा

कुंदन : …आधी धने. मग कढीपत्ता, फोडणीत पडला की सुटतो ना, तसा. आणि शेवटी जिभेवर ओवा रेंगाळतो. गोडाचं नाव नाही. अशी मसाल्याची जिन आपल्या खान्देशात कोणी पाजली नसेल.

कामिनी : अजून एक घोट घ्या. नीट सांगा.

कुंदन : अगं, सांगितलं की. सोबत काकडीची चकती आणि भाजलेली हिरवी मिरची द्यायची. उद्या धुळ्याला हितेंद्रभाऊंच्या नव्या हॉटेलात बघ, पाहुणे बोटं चाटतील.

कामिनी : अहो, तुमच्या पेल्यात जिन नाहीये.

(कुंदन पेल्याकडे बघतच राहिला. हितेंद्रभाऊंच्याच जळगावच्या बारमध्ये उभा जन्म गेला त्याचा, पण घरातच आपण असे पकडले जाऊ, हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं.)

कामिनी : ती साधी व्होडका आहे. मीच पेले बदलले. जिन इथं माझ्यापुढं आहे. मी थेंब घेतला नाही, तरी फोडणीचा वास सुटलाय घरभर.

कुंदन : कधी कळलं तुला?

कामिनी : परवा दूध करपून त्याचा कोळसा झाला. तुम्ही शेजारीच पेपर वाचत होता. आईपण म्हणतात, ‘पोऱ्याले जेवन गोड लागत नही.’ दिवाळीआधीच्या त्या तापापासूनच वास गेलाय ना?

कुंदन : हो. डॉक्टर म्हणाला, वास आला तर येईल परत. दिवाळी गेली, होळी गेली. मी आपला बाटलीवरचं वाचून बोलतो.

कामिनी : भाऊंना सांगून टाका.

कुंदन : काय सांगू? पेले काय, कोणीही भरतं. कुंदनच्या जिभेला तोड नाही म्हणून ठेवलाय, असं ते चारचौघांत म्हणतात. उद्या पाहुण्यांसमोर मला नुसत्या घोटावरून जिन ओळखायच्यात. बाटल्या झाकून.

कामिनी : मी येते. वास घेऊन खुणेनं सांगेन.

कुंदन : बारवर? आपल्या गावची, सावद्याची निम्मी भावकी असणार तिथं. आई परत कोणाला तोंड दाखवेल का?

कामिनी : मग जळजळीवरून तरी ओळखता येईल?

कुंदन : सगळ्या सारख्याच जळतात गं.

(कामिनीनं कोथिंबिरीची जुडी पुढं ओढून निवडायला घेतली.)

कुंदन : ती कोथिंबीर निवडतेयस ना… तिचा वास कसा असतो गं? मला आठवतच नाही.

कामिनी : कोथिंबिरीसारखा असतो हो. दुसरं काय सांगू?