सोमवारचा ठिपका

— नाही मेघाताई, मशीन बरोबर शे, त्यात काही बिघाड नाही. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतो, इकडे बसा. सरांनी सांगितलं ना, तुमच्या प्रबंधात लिहा म्हणून, की आधीच्या मुलीचे आकडे खोटे होते? ऐकलं मी. फरशी पुसणाऱ्याला सगळं ऐकू येतं. आणि तुम्ही विचारायला आल्या, की मोनालीचा आकडा दर सोमवारी पडायचा आणि तुमचा का पडत नाही. बरोबर? दोघींची केळी सावद्याचीच, रस काढायची रीतही तीच, भांडं बर्फात ठेवून, घाई न करता — कापलेलं केळं ज्यानं काळं पडतं ना, तेच तुमचं एन्झाइम, ते गरमीत मरतं म्हणून फ्रिजात ठेवायचं. शिपायाला कुणी शिकवलं? तिनंच. दुसरं कोण शिकवणार?

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. बाप सिंगा एकदा आला होता, सीताफळांची टोपली घेऊन, सरांना द्यायची तर लाजला आणि माझ्यापाशी ठेवून गेला. ती सकाळी आली की आधी मला हाक — नाना, जेवनात का? तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. ताई, माझी बायको गेली त्याला सहा वर्षं झाली, मुलगा सुरतेला, त्याचा फोन सणाला. मी जेवलो का, हे विचारणारं या जळगावात दुसरं कोणी नव्हतं. आजही नाही. जाऊ द्या. डबा खाताना ती वही उघडायची, मला आलेखावरचे ठिपके दाखवायची. म्हणायची, नाना, जो ठिपका रांगेत बसत नाही ना, तो खोडायचा नाही, त्याला विचारायचं, बाबा, त्या दिवशी काय झालं होतं? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, मग बघायचं. पाणी बदललं. काचेच्या नळ्या बदलल्या. केळीवाला बदलला. सोमवार काही सुधरेना. मंगळवारी नवा रस काढला की रेघ सरळ, सोमवार आला की पुन्हा खड्ड्यात.

सर वाईट नाहीत हो. पण त्या दिवशी सगळ्या पोरांसमोर म्हणाले, आकडे घरी बसून लिहितेस का? तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी फ्रिजखालचं पाणी पुसत होतो — दर सोमवारी पुसायचो, जुना फ्रिज, गळत असेल म्हणायचो. आठवड्यानं तिनं संशोधन सोडलं. आता कुठल्याशा आश्रमशाळेत शिकवते म्हणे.

अशा काय बघता? कळलं तुम्हाला? हुशार आहात. बर्फ वितळायचा, म्हणून पाणी. आणि बर्फ का वितळायचा — मी धरणगावचा ना ताई, कपाशीचं गाव. दिवाळीनंतर घरात आढ्यापर्यंत कापूस, भाव येईस्तोवर त्याच्यावरच झोपायचं. माझ्या काकाच्या घरात वायरची ठिणगी पडली, बठ्ठं जयी गयं, सगळं जळालं, दावणीची गायसुद्धा. तेव्हापासून आमच्याकडे घर सोडलं की मेन स्विच पाडायचा. देवाला हात जोडायचे राहतील, ते राहणार नाही. बायको तर मला अर्ध्या रस्त्यात थांबवायची, मेन पाडा का, पाडला ना? इथं रोज कुलूप वॉचमन लावतो, शनिवारी दुपारी मात्र मी. मेन पाडायचा, कुलूप लावायचं, खोलीवर जायचं. सोमवारी आठला येऊन आधी मेन वर करायचा. ती यायची साडेदहाला, तोवर फ्रिज पुन्हा गार. हाताला काय कळणार?

मला माहीत नव्हतं. आईशप्पथ. म्हणजे — तेव्हा नव्हतं. ती गेल्यावर माझ्या कपाटात, डब्याखाली, ही वही सापडली. ही बघा. शेवटचं पान. सगळे सोमवार मांडलेत, तारीखवार, सगळे खाली. एकच वर, रांगेत बसलेला, आणि त्याच्यापुढे काय लिहिलंय, वाचा — ‘शनिवारी नाना रजेवर. साक्रीला भाचीचं लग्न.’ पानावरची तारीख सर बोलले त्याच्या आदल्या दिवसाची, म्हणजे सर बोलत होते तेव्हा तिला माहीत होतं, ताई! एक शब्द बोलली असती तर तिचं नाव राहिलं असतं आणि माझी नोकरी गेली असती. नाही बोलली. वही मात्र माझ्या कपाटात ठेवून गेली. माझ्या. सरांच्या टेबलावर नाही.

दोन वर्षं झाली. मी काय केलं? शनिवारी मेन पाडायचं सोडलं. बस. म्हणून तुमची रेघ सरळ जाते. रोज वाटायचं, उद्या सरांना सांगू, आणि रोज डब्याखाली वही परत ठेवली. निवृत्तीला चार महिने राहिलेत, म्हटलं तोवर जाईल निभून — कशाला खोटं बोलू, भ्यालो मी. फोन केला होता तिला दोनदा. तिनं उचलला, ‘हां नाना’ म्हणाली. ठेवून दिला मी.

नाही, रडत नाही. ऍसिडची बाटली उघडी आहे तिकडे.

वही घ्या. तुमच्या प्रबंधात हे पान घाला, खोटे आकडे म्हणून नाही, खरे म्हणून. सरांकडे तुम्ही जाऊ नका, ते माझं काम, हात धुतो आणि जातो. आजच. तिचा नंबर वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहिलाय. फोन लागला तर माझं नाव काढू नका — नाही, काढा. नाव आधी सांगा, मग बाकीचं. आणि तिनं विचारलं, नाना जेवले का, तर —

काही सांगू नका. जा आता तुम्ही. जा म्हटलं ना. दार ओढून घ्या.