शांताकाकूंच्या गल्लीत दुसरा हात

बायपासचं चांगलं बांधलेलं घर सोडून तुमी जुन्या बाजारात काहून राहायला आलात, असं मला सगळेच विचारतात. सांगतो.

हिंगोलीच्या जुन्या बाजारात आमचं कपड्याचं दुकान, अन् दुकानावरच घर होतं. एकेक करून गल्लीतले सगळे बायपासकडं राहायला गेले, तसे आमीबी गेलो. संध्याकाळी शटर पडलं की गल्लीत बोलायला माणूस नसायचं. राहिल्या फक्त बांगड्यावाल्या शांताकाकू.

यंदा पालिकेनं तिथं बगीचा केला, बाकडी टाकली, नवी दुकानं काढली. उद्घाटनाला मी अन् माझी बायको सुमन गेलो. गर्दी बघून पालिकेचे साहेब खूश झाले. माइकवर म्हणाले, "या गल्लीत राहणाऱ्यांनी हात वर करा!"

एवढ्या गर्दीत एकट्या शांताकाकूंचा हात वर झाला. आणखी कुणाचा दिसतो का, म्हणून त्या वळून वळून मागं बघत होत्या. मी मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात वर गेला. सुमनचा!

"अगं, आपण इथं कुठं राहतो?" मी हळूच म्हणालो.

काकूंवरची नजर न काढता ती म्हणाली, "इतकी वर्षं तिकडं झोपते, पण सपनात घर येतं ते हेच."

"म्हणून चारचौघांत खोटं बोलायचं?"

"मग मला खोटं पडू देऊ नका," सुमन म्हणाली. "वरच्या खोल्या उद्या झाडून घ्या."