डोळे मिटल्यावर बायको कुठे दिसते

...आणि वर मलाच विचारतो, 'भाऊजी, स्टेज दिसतंय का?' आता तुम्हीच सांगा, कानात घालायच्या वस्तूत दिसायचं काय असतं? माझं चष्म्याचं दुकान आहे. 'दिसतंय का' हे मी विचारायचं आणि लोकांनी उत्तर द्यायचं, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता, आणि इथे मी एका कापडाने मढवलेल्या खोलीत, कानांत दोन बोंडं खुपसून, परीक्षेला बसल्यासारखा बसलोय, आणि हा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, सारखा म्हणतोय, 'डोळे मिटा, भाऊजी.'

झालं असं, की आमची ही समूहगानात गाते. पन्नासेक माणसं रांगांनी उभी राहतात. एकदा तालमीत मास्तरांनी सगळ्यांसमोर हिला सांगितलं, 'बाई, तुमचा आवाज ऐकूच येत नाही.' संपलं. ही घरी आली, पर्स खुंटीला लावली, म्हणाली, 'मी गाणं सोडलं.' रडली असती तर समजूत तरी काढता आली असती. रडली नाही, नुसतं गुणगुणायचं थांबली. आणि तुम्हाला सांगतो, घरात कोणी गुणगुणत असतं तेव्हा ते कळत नाही हो... पंखा बंद पडल्यावर कसं कळतं, की अरे, इतका वेळ पंखा चालू होता... तसं झालं घराचं.

मी मेहुण्याला सांगितलं. तो पक्का कानवेडा. म्हणाला, 'ताईचा आवाज तालमीच्या रेकॉर्डिंगमध्ये असणारच, शोधू. पण तुमच्या त्या इअरफोनवर हत्ती सापडायचा नाही.' म्हणून हे भारी इअरफोनचं दुकान. दुकानदार इतका हळू बोलतो, की वाटावं आतल्या खोलीत कोणी आजारी निजलंय. त्याने मखमलीच्या ट्रेमधून तीन जोड्या आणल्या.

पहिली काळी. आवाज कसला भरदार, पण सगळी पन्नास माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढून माझ्या कपाळाच्या आत गात होती. 'स्टेज अरुंद,' दुकानदार कुजबुजला. स्टेज म्हणजे म्हणे, कोण कुठे उभं राहून गातंय ते कानांना दिसणं. दुसरी चंदेरी. तीत माणसं पांगली, डावे डावीकडे, उजवे उजवीकडे, पण सगळी उपाशी असल्यासारखी, आवाज पातळ, 'स' म्हटलं की कानात टाचणी. 'पहिली बरी की दुसरी?' आणि मला माझ्या गिऱ्हाइकांची दया आली. मीही हेच करतो ना रोज, काच बदलायची आणि विचारायचं, ही बरी की ही, आणि ती बिचारी शेवटी कंटाळून म्हणतात, दुसरी. मीही म्हटलं, 'दुसरी.'

'नक्की?'

'नाही.'

'डोळे मिटा, भाऊजी.'

मिटले. तिसरी निळसर होती. ती कानात बसली आणि कोणीतरी अलगद दार ओढून घ्यावं तसं बाहेरचं जग गेलं... आधी काहीच नाही, नुसता हॉल. रिकाम्या हॉलला स्वतःचा एक श्वास असतो, माहितीये? मग लांब डावीकडे कोणाचा तरी पाय सरकला. मग सगळ्यांनी एकदम श्वास घेतला... आणि भिंती विरल्या. मी खुर्चीतून उठलो नाही, पण उठलो. त्या माणसांमधून चालायला लागलो. इथे एक जाड आवाज, तिथे एक थरथरता, आणि मध्ये हवा होती हो, अंग चोरून जाता येईल इतकी जागा... आणि पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला, एक आवाज काचेवरून पाणी उतरावं तसा उतरत होता. मी म्हटलं, 'सापडली.' गालावर पाणी. दुकानदाराने कागदी रुमाल पुढे केला. बहुतेक त्याच्याकडे रोज कोणी ना कोणी रडत असावं.

दुसऱ्या दिवशी हिला नेलं. येत नव्हती. म्हटलं, 'तुझा आवाज मी कालच पहिल्यांदा नीट ऐकला, तूही ऐक.' बसली. डोळे मिटले. आम्ही तिघं तिच्या चेहऱ्याकडे बघतोय.

'पहिल्या रांगेत, डाव्या टोकाची?' तिने विचारलं.

'तीच.'

'ती पोस्टातली बाई.'

मेहुणा ट्रे पुसायला लागला. तो आधीच स्वच्छ होता. मी एका परक्या पोस्टातल्या बाईसाठी, भर दुकानात, मेहुण्यासमोर रडलो होतो.

पण ही उठली नाही. 'परत लाव,' म्हणाली. मग पुन्हा एकदा. मग जोडी काढून तिने स्वतः माझ्या कानांत बसवली आणि म्हणाली, 'डोळे मिटा. मधोमध, अगदी मागे. तिच्याकडे लक्ष नको, तिच्या खाली ऐका.' गेलो... रांगा ओलांडत, मागे, आणखी मागे... तिथे एक खालचा सूर होता, जमिनीसारखा. जमिनीकडे कोण बघतं? सगळे तिच्यावर उभे होते. तो सूर श्वासासाठी थांबला, की पोस्टातली बाई किंचित डुगडुगायची, एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखी.

'ही मी,' ती म्हणाली.

पुढच्या तालमीला गेली. परत आली तेव्हा विचारलं, 'मास्तरांना काय सांगितलंस?'

'काहीच नाही. एका ओळीला गायलेच नाही. त्यांनी हात थांबवला, म्हणाले, अरे, काय गळलं? मी म्हटलं, मी.'

मग कार्यक्रम झाला. मी हॉलमध्ये, उघड्या कानांनी. पुन्हा सगळा एकच गलबला. म्हटलं, डोळे मिटावेत. मिटले. मधोमध, मागे... आणि सापडली. इतकी अलगद सापडली, इतकं शांत वाटलं, की पुढचं मला आठवतच नाही.

रेकॉर्डिंग आल्यावर मेहुण्याचा फोन. 'भाऊजी, पाचव्या रांगेत, उजव्या भिंतीला लागून बसला होतात का?'

म्हटलं, 'हो. तू तर आला नव्हतास, तुला कसं कळलं?'

'घोरण्याचं स्टेज फार स्वच्छ आलंय.'

हिनेही ऐकलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण नाही, शांतपणे म्हणाली, 'सुरात आहे. लय तेवढी सांभाळा.'

पुढच्या कार्यक्रमाला मी मागे दाराशी उभा राहणार आहे. उभ्या माणसाला झोप लागत नाही म्हणतात... बघू.