वळणाच्या पायऱ्या

काळूराम : चाची, चाचांची चाकाची खुर्चीच बाहेर काढायची हाय ना? मग पायऱ्या हायेत तशा ठेवू. बाजूला सिमेंटचा उतार करून देतो. दोन दिवसांचं काम.

झुबेदा : नको. ओट्याचा कठडा समोरून तोड. पायऱ्या सरळ रस्त्याकडे उतरल्या पाहिजेत. मध्ये वळण नको.

काळूराम : कठडा काढायचा मंजे खर्च वाढतो. आन तुमीच बोल्लात, थोडक्यात उरक.

झुबेदा : थोडक्यातच. तोडलेल्या विटा भरावाला घाल. लाद्या नकोत, साधा कोबा चालेल. रंगही नको. फक्त वाट तीन फुटांची हवी.

काळूराम : तीन? खुर्ची सव्वादोन फुटांची हाय. आताच मापली मी.

झुबेदा : तीन म्हटलं ना.

हाफिज : झुबेदा, कठड्याला हात लावायचा नाही. सांग त्याला.

झुबेदा : तुम्ही आत पडून राहा हो. बोललात की धाप लागते.

हाफिज : कुवेतहून पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा माझ्या हातानं बांधलाय तो. मोहसीन नुकता चालायला लागला होता, सारखा रस्त्यावर धावायचा. म्हणून समोरचं बंद केलं आणि बाजूनं एवढीशी वाट ठेवली. माझ्या पोराची तेवढीच निशाणी राहिलीय ह्या घरात.

झुबेदा : माहीत आहे मला.

हाफिज : मग? मला नाही बाहेर बसायचं. खुर्ची आतच बरी.

झुबेदा : बरं, नाही तोडत. झोपा तुम्ही.

काळूराम : मग मी निघू?

झुबेदा : हळू बोल. बस इथं. परवा डॉक्टरांनी माझ्या भाच्याला, अदीबला, बाजूला घेऊन सांगितलं. महिना, फार तर दोन.

काळूराम : चाचांना माईत हाय?

झुबेदा : मी नाही सांगितलं. खुर्चीचं निमित्त आहे रे. मशिदीत ती जनाज्याची खाट असते ना, ती अदीबकडून मापून घेतली मी. धरणाऱ्यांच्या हातांसकट तीन फूट लागतात.

काळूराम : असं बोलू नका, चाची.

झुबेदा : बोलायला लागतं. मोहसीनच्या वेळी तू होतास ना?

काळूराम : व्हतो. मागचा दांडा माज्याच हातात व्हता. त्या दिवशी सकाळी कळंबोलीला आमी दोघांनी चाय पिलेली. मंग मी कामावर गेलो, आन मागं येणाऱ्या ट्रेलरखाली तो गावला.

झुबेदा : मग ह्या पायऱ्यांवर काय झालं ते तुला ठाऊक आहे.

काळूराम : वळणावर जनाजा मावंना. आमी मागं घेतला, परत पुढं नेला. शेवटी तिरपा करून काढला.

झुबेदा : आणि डोक्याकडची बाजू कठड्यावर आपटली. मी दारात उभी होते. आवाज ऐकला मी. मेलेल्या माणसाला लागत नाही म्हणतात. मला लागलं, काळूराम. अजून लागतं.

काळूराम : आन चाचांना काय सांगितलंत?

झुबेदा : त्यांना कुवेतहून तिकीट मिळेना, चौथ्या दिवशी पोचले. पोराला माती द्यायचंही त्यांच्या नशिबात नव्हतं. मला विचारलं, कसा नेला त्याला? मी म्हटलं, फुलासारखा नेला, कुठे धक्का लागू दिला नाही. त्यावर ते कठड्याला हात लावून बसून राहिले. मग कोणत्या तोंडानं खरं सांगणार होते मी?

(चाकाची खुर्ची स्वतःच रेटत हाफिज दारापर्यंत येतात.)

हाफिज : तीन फूट कशाला ते मला कळत होतं, झुबेदा. अदीब डोळ्याला डोळा देत नाही हल्ली. मोहसीनचं मात्र माहीत नव्हतं.

झुबेदा : आत चला तुम्ही. वारा लागेल.

हाफिज : काळूराम, किती जोरात लागलं त्याला?

काळूराम : नका इचारू, चाचा.

हाफिज : बाप आहे मी त्याचा.

काळूराम : लागलं जोरात. आमी सगले रडत व्हतो, पायाखालचं दिसत नव्हतं. चूक आमची व्हती. कठड्याची नाय.

हाफिज : त्याला काही लागू नये म्हणून बांधला होता रे.

काळूराम : बारका व्हता तवर नायच लागलं ना त्याला काय. कठड्याला धरून उभा ऱ्हायचा आन रस्त्यावरून जाणाऱ्याला हाका मारायचा. मला बी मारायचा.

हाफिज : तोड.

काळूराम : सिमेंट उद्या येल.

हाफिज : तोडायला सिमेंट लागत नाही. आजच तोड. मी इथेच बसतो.

झुबेदा : धूळ उडेल. तुम्हाला सोसायची नाही.

हाफिज : उडू दे. आता काय ते सोसायचं राहिलंय. झुबेदा, अकरा वर्षं झाली ना त्याला?

झुबेदा : ह्या रमजानला अकरा होतील.

हाफिज : म्हणजे अकरा वर्षं तू ह्याच पायऱ्यांवरून ये-जा करतेस. बाजारात जाताना, मला दवाखान्यात नेताना. रोज.

झुबेदा : हो.

हाफिज : कशी गं?

झुबेदा : दुसरी वाट कुठे होती घराला?