कढईकडे कान

मांडवीतल्या माझ्या शेजाऱ्यांनो, आणि सुमतीकाकूंच्या लेकींनो,

मी विलास, एसटीतला रिटायर कंडक्टर. लांज्याच्या गाडीत ओरडून ओरडून आवाज असा झालाय की मला माइक लागत नाही. काकूंना जाऊन आज बारा दिवस झाले. आणि मी उभा राहिलोय ते एक आनंदाची बातमी सांगायला. रागावू नका. ऐकून घ्या.

मला मेतकूट जमलं! काल जमलं!

ही समोर बसलीय ती माझी बायको, सुनंदा. दोन वर्षांपूर्वी मोठ्या दुखण्यातून उठली, पण पोटात अन्न ठरेना. काकूंनी मऊ भात, तूप आणि वर मेतकूट असं धाडलं. तेवढं ठरलं. मग रोज तेच. आता तुम्ही म्हणाल, मेतकूट घरोघरी होतं. होत असेल. हिला दुकानातलं चालेना, माझ्या बहिणीचं चालेना. काकूंचंच हवं. आणि काकू चौऱ्याऐंशीच्या! मला धास्ती बसली, पुढे काय? म्हणून गेलो शिकायला.

तांदूळ, गहू, नाचणी, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर. काकूंना दिसत नव्हतं फारसं. मग कळायचं कसं? कानाने! कच्ची डाळ कढईत जड वाजते. भाजत आली की हलकी होते, खुळखुळते. काकू खाटेवरून ऐकायच्या आणि बरोबर त्या क्षणी हाक मारायच्या, "उतरव रे."

आणि मी? मी बडबड्या! हलवता हलवता गाडीतल्या गमती सांगायचो. उडदाची डाळ तीनदा करपवली. तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, "विलास, तोंड मीट नि कढईकडे कान दे."

कंडक्टरला हे सांगायचं म्हणजे बघा.

शेवटच्या आठवड्यात काकू उठत नव्हत्या. तरी मला बोलावलं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात उडीद डाळ भाजत होतो, त्या आतल्या खोलीत. मी हाकेची वाट बघतोय. हाक येईना. डाळ खुळखुळली. मी उतरवली. धावत आत गेलो. काकू जाग्या होत्या!

"काकू, हाक का नाही मारलीत?"

म्हणाल्या, "तू गप्प होतास. म्हटलं, आता ऐकतोयस."

झालं. मला सर्टिफिकेट मिळालं. चार दिवसांनी काकू गेल्या.

काल पहिल्यांदा माझ्या घरी, एकट्याने केलं. हाक मारायला कोणी नव्हतं. सुनंदाने भात कालवला, एक घास खाल्ला. मी बघत राहिलो. ताट पुढे केलं आणि अजून वाढा म्हणाली! अहो, मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. आनंदाने रडलो, आणि काकूंना सांगता येणार नाही म्हणून रडलो.

बरणी घेऊन आलोय. दारापाशी ठेवलीय, जाताना चिमूटभर तोंडात टाका. करपलं असेल तर तोंडावर सांगा, काकू सांगायच्या तसं.

आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही.

मीसुद्धा नाही, काकू.