एका स्कूटरवरून न जाणारे दोघे

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले जोडीसाहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि भाषणं लवकर आटपावीत अशी मनोमन प्रार्थना करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

नेटवर्क विभागात मी साहेबांच्या हाताखाली लागलो, तेव्हा इथे एकच लाइन आणि एकच राउटर होता. तो रुसला की तपासण्यांचे रिपोर्ट जिने चढून वॉर्डात पोचवायचे. साहेबांनी हट्टच धरला: दोन कंपन्यांच्या दोन लाइनी, दोन राउटर, आणि रोजचा भार दोघांवर वाटलेला. तेव्हाचे हिशेबनीस म्हणाले, "अहो, एक चालतोय ना? दुसरा राहू द्या कपाटात." साहेब म्हणाले, "कपाटातला ऐनवेळी चालेल याची हमी कोण देणार? तुम्ही?" हिशेबनिसांनी सही केली. तेव्हापासून हे जोडीसाहेब.

आणि एका दुपारी गेटबाहेर रस्ता खणणाऱ्या यंत्राचा एकच फटका बसला, दोन्ही लाइनी एकदम गेल्या! कंपन्या दोन, राउटर दोन, पण गेटबाहेर दोन्ही केबली एकाच चरातून आलेल्या. ते बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसरी लाइन मागच्या धोबीखान्याकडून फिरवून आणेपर्यंत साहेबांना घास गोड लागला नाही.

ती लाइन सुरू झाली, त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. वाटेत त्यांनी करकचून ब्रेक लावला.

"उतर."

"का हो, काय झालं?"

"अरे, आपण दोघंही एकाच चरातून चाललोय! उद्या आपल्याला काही झालं, तर नेटवर्क कोण बघणार? उतर, बसने ये."

हसताय काय? उतरलो ना मी! दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटरवर, मी बसमध्ये. रजाही एका दिवशी घ्यायची नाही. एक बाहेर, तर दुसरा राउटरपाशी. वहिनी, तुमच्या घरच्या एकाही कार्याला मी आलो नाही, म्हणून तुम्ही माझ्यावर रुसायचात. खरा आरोपी आज हार घालून वर बसला आहे.

माझ्या थोरलीचं लग्न लागलं, तेव्हा मी हॉलमधूनच फोन केला. "साहेब, सगळं ठीक?" ते म्हणाले, "इथलं सोड रे. पोरगी रडली का?" तिला सायकल त्यांनीच शिकवली होती. दोघांचं काम एकट्याने उचलून हा माणूस तिकडे बसला होता, म्हणून मी मुलीजवळ होतो. पण मला तो तिथे हवा होता, फार हवा होता.

उद्यापासून साहेबांच्या जागी नव्या बाई येतील. काम होईल, त्यात शंका नाही. मात्र डबा उघडल्यावर "आज मीठ विसरलं वाटतं घरी" असं खोचकपणे म्हणणारं कोणी नसेल. ते मला जड जाणार आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं निघून गेलं असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. आणि सगळ्यांच्या साक्षीने एवढं सांगून बसतो: पुढच्या महिन्यात धाकटीचं लग्न आहे. नव्या बाई त्या दिवशी इथे थांबायला तयार आहेत. साहेब, या खेपेला तुम्ही यायचं. काम काही नाही. माझ्या शेजारी उभं राहायचं, बस.